पोर्तुगीज शब्दांच्या खुणा आणि यंत्राची शब्दसूचि

गोव्याकडचें एखादें कुटुंब मुंबईंत किंवा पुण्यांत येऊन दोन-तीन पिढ्या लोटलेल्या असतात. मूळ गांवच्या घराच्या वांटणीचा प्रश्न निघतो, आणि पणजोबांच्या जन्माची किंवा विवाहाची नोंद पुढें ठेवल्यावांचून काम अडतें. गोव्याचा सरकारी कारभार डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज भाषेंत चालत होता. अर्थात् नोंद असावयाची ती त्याच भाषेंत. समजा, जुन्या दप्तरांतील नांवांची यादी कोणी मेहनतीनें संगणकांत उतरवून ठेविली आहे. घरांतील पणती यंत्रापुढें बसते, 'जुआंव' हें पणजोबांचें नांव रोमन लिपींतील जे, ओ, ए, ओ या चार अक्षरांनीं लिहिते, आणि क्षणार्धांत उत्तर येतें कीं, या नांवाची एकहि नोंद नाहीं.

घरांतील मंडळी निराश होतात. कागद वाळवीनें खाल्ला असेल, पावसांत भिजून गेला असेल, असे तर्क होऊं लागतात. वस्तुतः नोंद जागच्या जागीं सुखरूप असते. ती उतरवून घेणारा कारकून व्यवस्थित होता, एवढाच काय तो त्याचा अपराध! त्यानें तिसऱ्या अक्षरावर पोर्तुगीज लेखनाच्या नियमाप्रमाणें एक लहानशी नागमोडी रेघ दिली होती. पणतीनें लिहिलेल्या अक्षरावर ती रेघ नव्हती. यंत्राच्या दृष्टीनें हीं दोन निरनिराळीं नांवें झालीं, आणि एकाच्या शोधांत दुसरें सांपडण्याचें त्याला कांहीं कारण उरलें नाहीं.

या नागमोडी रेघेचें आणि तिच्या भावंडांचें शब्दसूचींत काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु पोर्तुगाल आणि ब्राझील या देशांतील ग्रंथालयें, दप्तरखानें, वृत्तपत्रांचे संग्रह आणि न्यायालयांचे निकाल आतां संगणकांतूनच शोधले जातात. तेथें या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर पुस्तक असून नसल्यासारखें होतें. म्हणून हा प्रश्न मुळापासून समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम शोध लागतो कसा, तें पाहिलें पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, प्रश्न विचारतांच यंत्र सगळीं पानें भराभर चाळून काढतें. तसें घडत नाहीं. चांगल्या ग्रंथाच्या शेवटीं जशी शब्दांची वर्णानुक्रमें सूचि दिलेली असते, आणि प्रत्येक शब्दापुढें पृष्ठांक असतात, तशीच एक सूचि यंत्र आधींच तयार करून ठेवतें. फरक इतकाच कीं, ग्रंथाच्या सूचींत निवडक शब्द असतात, यंत्राच्या सूचींत बहुतेक प्रत्येक शब्द असतो. शोध घेणाऱ्यानें शब्द दिला म्हणजे यंत्र फक्त सूचि पाहतें. मूळ पानांकडे तें वळत नाहीं. त्यामुळें जो शब्द सूचींत ज्या रूपानें नोंदला गेला, त्याच रूपानें तो विचारला गेला पाहिजे. हरदास आणि श्रोते यांचा सूर जुळावा लागतो, तसा सूचि करणाऱ्याचा आणि शोधणाऱ्याचा नियम जुळावा लागतो. या विषयांतील पहिलें सूत्र हेंच, आणि पुढील साऱ्या विवेचनांत तें पुनःपुन्हां येणार आहे.

आतां पोर्तुगीज लेखनाकडे वळावें. ही भाषा रोमन लिपींत लिहिली जाते, परंतु इंग्रजीप्रमाणें बोडक्या अक्षरांनीं तिचें भागत नाहीं. तिच्या स्वरांवर चार प्रकारच्या खुणा येतात. उजवीकडे चढत जाणारी तिरपी रेघ स्वर ठसठशीत आणि उघडा असल्याचें दाखविते. छपराच्या आकाराची खूण स्वर मिटता असल्याचें सांगते. नागमोडी रेघ स्वर नाकांतून उच्चारावा असें सुचविते. उलट्या दिशेची तिरपी रेघ मुख्यतः दोन लहान शब्दांचा संधि झाल्याची खूण म्हणून येते. यांखेरीज सी या व्यंजनाच्या खालीं लोंबणारी एक आंकडी आहे. ती असली म्हणजे अक्षराचा उच्चार 'स' असा होतो. मराठी माणसाला नागमोडी रेघेची ओळख अगदींच नवी नाहीं. आपल्याकडे 'पाव' आणि 'लिलाव' हे जे शब्द रुळले, त्यांच्या पोर्तुगीज मूळ रूपांत शेवटच्या ए या अक्षरावर तीच रेघ आहे. नाकांतला तो उच्चार मराठींत येतांना 'आव' असा झाला, आणि रेघ मागें राहिली.

या खुणा केवळ शोभेच्या आहेत असें कोणी समजूं नये. कांहीं ठिकाणीं सारा अर्थ त्यांच्यावरच तोललेला असतो. आजी आणि आजोबा यांच्यासाठीं पोर्तुगीजांत जे दोन शब्द आहेत, त्यांचीं तिन्हीं अक्षरें एकच आहेत. शेवटच्या ओवर तिरपी रेघ असली तर उच्चार 'आव्हॉ' असा उघडा होतो, आणि अर्थ आजी. छप्पर असलें तर 'आव्हो' असा मिटता, आणि अर्थ आजोबा. दुसरें उदाहरण अधिक मौजेचें आहे. एस, ए, बी, आय, ए हीं पांच अक्षरें खुणेवांचून लिहिलीं तर 'त्याला ठाऊक होतें' असा अर्थ होतो. पहिल्या ए वर रेघ दिली तर 'ज्ञानी स्त्री' असा अर्थ होतो. आणि तीच रेघ शेवटच्या ए वर दिली तर 'साबिया' नांवाचा गाणारा पक्षी होतो. या पक्ष्याच्या तांबूस पोटाच्या एका जातीला ब्राझीलनें २००२ सालीं राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. तसेंच 'आईबाप' आणि 'देश' या दोन शब्दांत एका आय वरील रेघेचाच फरक आहे. 'चिटणीसबाई' आणि 'चिटणिसाची कचेरी' यांतहि तसाच. एका जोडीचा उल्लेख घरगुती श्रोत्यांनीं क्षमा करून ऐकावा: नारळ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर छप्पर चढविलें तर त्याचा अर्थ तान्ह्या मुलाची शी असा होतो. खोबऱ्याच्या वड्यांची कृति शोधणाऱ्या गृहिणीला हा भेद किती महत्त्वाचा, तें सांगावयास नको.

आतां यंत्राची बाजू पाहूं. संगणकाला अक्षर असें कांहीं ठाऊक नसतें; त्याला केवळ आंकडे ठाऊक असतात. कोणत्या अक्षराला कोणता आंकडा द्यावा, याचा करार माणसांनीं करावयाचा असतो. अमेरिकेंत १९६३ सालीं झालेला 'आस्की' नांवाचा करार १२८ जागांचा होता. त्यांत इंग्रजी अक्षरें, अंक आणि विरामचिन्हें बसलीं. पोर्तुगीज खुणांना जागा मिळाली नाहीं. म्हणून पुष्कळ वर्षे पोर्तुगीज लोकांनीं यंत्रांत आपली भाषा खुणा गाळून लिहिली. पुढें पश्चिम युरोपच्या भाषांसाठीं २५६ जागांचा तक्ता आला, आणि १९९१ पासून जगांतील साऱ्या लिपींना एकाच मांडवाखालीं आणणारा 'युनिकोड' हा करार प्रसिद्ध होऊं लागला.

येथें एक चमत्कारिक अडचण उत्पन्न झाली. नागमोडी रेघेचा ए युनिकोडमध्यें दोन प्रकारांनीं लिहितां येतो. एका प्रकारांत रेघेसह सबंध अक्षराला २२७ हा एकच आंकडा आहे. दुसऱ्या प्रकारांत साध्या ए चा ९७ आणि त्याच्यामागून केवळ रेघेचा ७७१ असे दोन आंकडे येतात. पडद्यावर किंवा कागदावर दोन्हीं रूपें हुबेहूब सारखीं दिसतात. डोळ्यांत तेल घालून पाहिलें तरी फरक कळावयाचा नाहीं. यंत्राला मात्र तीं निरनिराळीं वाटतात. एका यंत्रावर नोंदविलेलें नांव दुसऱ्या यंत्रावर, खुणा अचूक देऊनहि, सांपडत नाहीं, याचें कारण पुष्कळदां हें असतें. यावर उपाय युनिकोडच्या करारांतच सांगितलेला आहे: सूचि करण्यापूर्वीं साऱ्या अक्षरांना एकाच प्रकारांत, एकतर सगळीं जोडून नाहींतर सगळीं सुटीं करून, आणावें. याला सामान्यीकरण म्हणतात. तांदूळ शिजविण्यापूर्वीं निवडून घ्यावे, तसें हें काम आहे. त्यांत कौशल्य थोडें, पण तें टाळलें तर पुढें दांताखालीं खडा येतो.

दुसरा खडा याहून मोठा आहे. युनिकोडचे आंकडे साठविण्याची जी रीति आज सर्वत्र रूढ आहे, ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं रचली. तींत नागमोडी रेघेचा ए दोन खणांत ठेवला जातो. पहिल्या खणांत १९५ आणि दुसऱ्यांत १६३. जुना २५६ जागांचा तक्ता वापरणारें यंत्र मात्र प्रत्येक खण म्हणजे एक अक्षर असें समजतें. त्याच्या तक्त्यांत १९५ म्हणजे रेघेचा मोठा ए, आणि १६३ म्हणजे इंग्रजी पौंडाचें चिन्ह! त्यामुळें साओ पाउलो या शहराच्या नांवाच्या पोटांत पौंडाचें नाणें अडकलेलें दिसतें. असा बिघडलेला मजकूर एकदां सूचींत शिरला, म्हणजे कोणताहि शहाणा माणूस पौंडाचें चिन्ह घालून शहराचें नांव विचारणार नाहीं, आणि ती नोंद कायमची गाडली जाते. तेव्हां मजकूर कोणत्या कराराप्रमाणें लिहिला आहे, हें आधीं ठरविल्यावांचून सूचीच्या कामास हातच घालूं नये.

एवढें झाल्यावर मुख्य प्रश्न उभा राहतो. खुणा ठेवाव्या, कीं गाळाव्या?

गाळाव्या, या पक्षाचें म्हणणें जोरदार आहे. लोक घाईंत लिहितात, आणि घाईंत खुणा गळतात. दूरध्वनीच्या इवल्याशा पाटीवर खूण देण्यासाठीं अक्षर दाबून धरावें लागतें. तेवढा धीर कोणाला? परदेशांत राहणाऱ्यांच्या यंत्रांवर तर त्या खुणांच्या कळाच नसतात. जुनीं छापील पानें यंत्राकडून वाचून घेतलीं तर पुसट रेघ निसटते, आणि खालची आंकडी धूळ समजून सोडली जाते. यावर साधा उपाय म्हणजे सूचींत नोंदतांना प्रत्येक अक्षराची खूण काढून टाकावयाची, आणि विचारलेल्या शब्दाचीहि तशीच काढावयाची. दोन्हीं बाजू बोडक्या झाल्या कीं तंटा मिटला. या क्रियेला येथें चिन्हलोप म्हणूं. डग कटिंग यांनीं १९९९ सालीं प्रथम प्रसृत केलेल्या 'ल्यूसीन' या शोधसाधनांत चिन्हलोपाची चाळणी तयारच मिळते. 'पोस्टग्रेस' या माहितीभांडारांतहि त्यासाठीं वेगळी जोडणी आहे.

चिन्हलोपाचा आणखी एक लाभ पोर्तुगीज भाषेपुरता विशेष आहे. लिस्बनकडचे लोक 'अँटनी' या अर्थाच्या नांवांत ओवर तिरपी रेघ देतात, कारण त्यांचा उच्चार उघडा आहे. ब्राझीलचे लोक त्याच जागीं छप्पर देतात, कारण त्यांचा उच्चार मिटता आहे. 'आर्थिक' या अर्थाच्या शब्दाचीहि तीच स्थिति. दोन्हीं रूपें आपापल्या देशांत शुद्धच आहेत. खुणा गाळल्या म्हणजे अटलांटिक महासागराच्या दोन्हीं तीरांवरचे हे भाऊ सूचींत एका पंक्तीस बसतात.

परंतु आजी आणि आजोबाहि एकाच पंक्तीस बसतात, ही दुसऱ्या पक्षाची तक्रार आहे. पक्षिशास्त्राचा विद्यार्थी साबियाची माहिती विचारतो, आणि त्याच्यापुढें 'त्याला ठाऊक होतें' असें ज्या ज्या कादंबरींत आणि साक्षींत लिहिलें असेल तीं सारीं पानें येऊन पडतात. पक्षी हजार पानांच्या गर्दींत दिसेनासा होतो.

असे दोन दोष समोर आले, म्हणजे त्यांतला अधिक वाईट कोणता हें पाहणें भाग पडतें. हे दोष समान नाहींत. भलतेंच पुष्कळ सांपडलें तर शोधणाऱ्याला तें दिसतें. तो वैतागतो, पण आणखी एक शब्द जोडून गर्दी कमी करतो. उलट, असलेलें न सांपडलें तर त्याला कांहींच दिसत नाहीं. हा दोष मुका आहे. तो शोधणाऱ्याच्या पदरीं एक खोटें ज्ञान टाकतो कीं, जें हवें तें अस्तित्वांतच नाहीं. आरंभीं सांगितलेल्या कुटुंबाचें तेंच झालें. म्हणून जेथें दप्तरांचा, नांवांचा, निकालांचा संबंध आहे, तेथें अतिरेकाचा दोष पत्करावा, पण उणिवेचा पत्करूं नये, हा सामान्य नियम योग्य ठरतो.

मात्र नियम पत्करल्यावर तो कोणत्या पायरीवर लावावयाचा, यांत पुष्कळ सूचिकार घसरतात. कारण सूचींत शब्द जसाच्या तसा क्वचितच जातो. एकवचन-अनेकवचन, पुल्लिंग-स्त्रीलिंग, क्रियापदांचे काळ हीं सारीं सोडवून शब्दाचें मूळ काढावें, आणि तें नोंदावें, अशी चाल आहे; म्हणजे 'माहिती' असें विचारलें तरी 'माहित्या' असलेलें पान मिळतें. इंग्रजीसाठीं असा नियमसंच मार्टिन पोर्टर यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें त्याच परंपरेंत पोर्तुगीज भाषेसाठींहि नियम तयार झाले. व्हिव्हियान ओरेंगो आणि ख्रिश्चन हाइक यांनीं २००१ सालीं खास पोर्तुगीजसाठीं आणखी एक नियमसंच मांडला. त्याच्या आठ पायऱ्या आहेत.

आतां मेख अशी आहे. पोर्तुगीज शब्दांचे प्रत्यय स्वतःच खुणा धारण करतात. 'माहिती' या अर्थाच्या 'इंफोर्मासांव' या शब्दाच्या शेवटीं जो प्रत्यय आहे, त्यांत सीखालची आंकडी आणि ए वरची नागमोडी रेघ या दोन्हीं आहेत. त्याच्या अनेकवचनांत रेघ ओवर जाते. पोर्टरपरंपरेचे नियम हा प्रत्यय त्या खुणांवरूनच ओळखतात, आणि तो तोडून दोन्हीं रूपांचें एकच मूळ काढतात. पण त्यांच्याकडे शब्द सोंपविण्यापूर्वींच कोणी उतावीळपणें चिन्हलोप केला असेल, तर त्यांना प्रत्यय ओळखूंच येत नाहीं. ते शेवटचें एखाददुसरें अक्षर खुडतात, आणि एकवचनाचें मूळ एक, अनेकवचनाचें दुसरें, असा घोटाळा होतो. सोनाराकडे नथ द्यावयाच्या आधीं तिचा फांसाच काढून टाकावा, मग ती नाकांत बसत नाहीं म्हणून सोनाराला बोल लावावा, तशांतला हा प्रकार. ओरेंगो आणि हाइक यांच्या आठ पायऱ्यांत खुणा काढण्याची पायरी अगदीं शेवटची आहे, ती याच कारणानें.

मग मूळ आधीं काढावें आणि खुणा मागाहून गाळाव्या, म्हणजे प्रश्न सुटला काय? अर्धाच सुटला. ग्रंथांतील शब्दांना खुणा आहेत, त्यांचें मूळ नीट निघालें. पण शोधणाऱ्यानें खुणेवांचून लिहिलेला शब्द याच नियमांतून जातो तेव्हां त्याचा प्रत्यय ओळखला जात नाहीं, आणि त्याचें मूळ निराळेंच निघतें. पुन्हां दोन्हीं बाजूंचा सूर जुळेनासा होतो. यासाठीं शेवटीं जो उपाय टिकतो तो असा: प्रत्ययांचा तक्ताच खुणा गाळून पुन्हां लिहावा, मग ग्रंथांतला शब्द आणि विचारलेला शब्द दोन्हीं आधीं बोडके करून त्याच तक्त्यांतून न्यावे. यांत थोडी सूक्ष्मता जाते, पण दोन्हीं बाजूंचा नियम एकच राहतो.

वगळावयाच्या शब्दांच्या यादीलाहि हीच काळजी लागते. 'आणि', 'आहे', 'नाहीं' असे पदोपदीं येणारे शब्द सूचींतून गाळण्याची वहिवाट आहे. पोर्तुगीजांत 'आणि' म्हणजे नुसता ई हें अक्षर, आणि 'आहे' म्हणजे रेघेसह तेंच अक्षर. दोन्हीं वगळावयाचेच असल्यानें त्यांची सरमिसळ झाली तरी बिघडत नाहीं. पण 'नाहीं' या शब्दावर नागमोडी रेघ आहे. वगळण्याच्या यादींत तो रेघेसह लिहिलेला असेल, आणि यंत्राकडे मात्र बोडका होऊन येत असेल, तर दारावरचा पहारेकरी त्याला ओळखत नाहीं, आणि तो लाखो नोंदींसह सूचींत घुसतो. तक्ता असो, यादी असो, जें जें शब्दाशीं ताडून पाहावयाचें तें तें त्याच रूपांत असलें पाहिजे, हेंच सूत्र येथेंहि लागू पडतें.

खुणांच्या या हकीकतींत शासनाचाहि हात आहे. पोर्तुगालांत १९१० सालीं प्रजासत्ताक आलें, आणि १९११ सालीं लेखनाचे नियम मुळापासून बदलले. औषधालयाच्या नांवाच्या आरंभीं ग्रीक पद्धतीनें पी आणि एच लिहीत, तेथें एफ आला. पुढें १६ डिसेंबर १९९० रोजीं लिस्बन येथें पोर्तुगीज भाषेच्या सात राष्ट्रांनीं एक लेखनकरार केला. ब्राझीलनें तो १ जानेवारी २००९ पासून अमलांत आणला, आणि २०१६ च्या आरंभापासून सक्तीचा केला. या करारानें कित्येक खुणा गेल्या. 'थांबतो' आणि 'साठीं' या दोन अर्थांचे शब्द पूर्वीं एका रेघेनें वेगळे ओळखूं येत. आतां दोन्हीं एकसारखे लिहिले जातात. यू या अक्षरावर ब्राझीलांत दोन टिंबें देत, तीं स्वकीय शब्दांतून गेलीं. म्हणजे २००८ सालचें ब्राझिली वृत्तपत्र आणि २०१८ सालचें वृत्तपत्र यांत एकच शब्द दोन वेषांत आढळतो. जेथें केवळ खूण गेली, तेथें चिन्हलोपानें दोन्हीं वेष एक होतात. पण पोर्तुगालांत 'कृति' या अर्थाच्या शब्दांतून जें उच्चारांत नसलेलें सी हें सबंध अक्षर गेलें, किंवा १९११ त पीएचच्या जागीं जो एफ आला, तेथें चिन्हलोपाची मात्रा चालत नाहीं. तेथें जुन्या-नव्या रूपांची जोडयादीच करून यंत्राच्या हातीं द्यावी लागते.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटूं नये. 'नांव' म्हणजे संज्ञा आणि 'नाव' म्हणजे होडी, हा भेद आपल्याकडेहि एका टिंबावर उभा होता. १९६२ सालच्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि हीं दोन्हीं रूपें एक झालीं. आज कोणी नव्या वळणानें शब्द विचारला तर जुन्या ग्रंथांतील पान हातीं लागत नाहीं. प्रस्तुत पानांवरील टिंबें पाहूनच वाचकांच्या हें ध्यानांत येईल. तथापि पोर्तुगीजांचा चिन्हलोप उचलून मराठीला लावावा, असें मात्र कोणी करूं नये. युनिकोडमध्यें आपला उकार, वेलांटी नव्हे पण मात्रा, अनुस्वार आणि पायमोडी रेघ हीं सारीं रोमन खुणांच्याच वर्गांत मोडतात. 'खुणा दिसतील त्या गाळ' अशी सरसकट आज्ञा यंत्राला दिली, तर 'मूल', 'मेल' आणि 'मल' या तिघांचें एकच 'मल' होऊन बसतें. पोर्तुगीजांत खूण गेली तर बहुधा शब्द ओळखूं येतो. मराठींत ती गेली तर शब्दच जातो. एका घरचें औषध दुसऱ्या घरीं विष होतें, तें असें.

आतां या साऱ्यांतून सुज्ञ सूचिकार कोणती वाट काढतो, तें सांगून विषय आटोपता घेतां येईल. तो खुणा ठेवाव्या कीं गाळाव्या या वादांत एका पक्षाचा वकील होत नाहीं. तो शब्द दोनदां नोंदतो. एक नोंद मुळाबरहुकूम, खुणांसह, दुसरी बोडकी. शोधणाऱ्यानें खूण न देतां शब्द लिहिला, तर त्याला खुणेची पर्वा नाहीं असें समजून तो दोन्हीं प्रकारचीं पानें दाखवितो. शोधणाऱ्यानें खूण देण्याचे कष्ट घेतले असतील, तर त्याला तोच शब्द हवा आहे हें ओळखून तंतोतंत जुळणारीं पानें वर ठेवतो, आणि बाकीचीं फेंकून न देतां खालीं ठेवतो. अशानें साबिया पक्षी पहिल्या पानावर येऊन बसतो, आणि ज्यानें घाईंत रेघ गाळली त्याचाहि हात रिकामा राहत नाहीं. सूचीचा आकार यानें वाढतो हें खरें. परंतु यंत्रांतील जागा आज स्वस्त आहे, आणि हरवलेली नोंद महाग.

वापरणाऱ्यालाहि कांहीं गोष्टी पाळतां येतात. 'सांपडत नाहीं' हें यंत्राचें उत्तर शेवटचें मानूं नये. तोच शब्द खुणांसह, खुणांवांचून, जुन्या वळणानें आणि नव्या वळणानें असा चार प्रकारें विचारावा. शब्दाचा केवळ आरंभींचा निर्विवाद भाग विचारण्याची सोय असली तर ती वापरावी. आणि यादी उतरविणाऱ्यांनीं, कामाचा उरक व्हावा म्हणून, मूळ कागदावरील खूण स्वतःहून कधींहि गाळूं नये. सूचींत गाळलेली खूण मूळ मजकुरावरून पुन्हां मिळवितां येते. मजकुरांतच गाळलेली खूण परत आणण्याचें सामर्थ्य कोणत्याहि यंत्रांत नाहीं.

आरंभींच्या कुटुंबाकडे पुन्हां पाहावें. त्या यादीला एक बोडकी सूचि जोडलेली असती, तर पणतीच्या चार साध्या अक्षरांनींहि पणजोबांचें नांव पुढें आलें असतें, आणि कारकुनानें काळजीपूर्वक काढलेली नागमोडी रेघहि आपल्या जागीं तशीच राहिली असती. एक रेघ सांभाळणारा आणि ती विसरणारा, या दोघांचीहि गांठ पडावी, एवढेंच या शास्त्राचें काम आहे.